नोंद नसलेला आवाज

उर्दूत ‘कान बजना’ असा एक वाक्प्रचार आहे. वर्गात तो शिकवताना मी फळ्यावर दोन अर्थ लिहिते. पहिला, कानात आवाज येणं. दुसरा, भास होणं. कुणी हाक मारलेली नसताना वळून बघणाऱ्याला म्हणतात, तेरे कान बज रहे हैं. म्हणजे भाषेनेच या दुखण्यावर अविश्वासाचा शिक्का मारून ठेवला आहे. मराठी त्या मानाने उदार. आपण म्हणतो, कानात दडा बसला, कानठळ्या बसल्या. बसायला काहीतरी जड वस्तू लागते. मराठीत हा त्रास शरीरात येऊन ठाण मांडतो.

मला विचाराल तर मराठीचं बरोबर आहे. तीन वर्षांपूर्वी एका तापानंतर माझ्या डाव्या कानात बारीक शिट्टी सुरू झाली, ती आजही चालू आहे. डॉक्टर तिला टिनिटस म्हणतात. सांगितलं की लोक विचारतात, कसला आवाज येतो? मी शिट्टी म्हणते, पण खरं तर ती ऐकू येते त्यापेक्षा जाणवते जास्त. कानामागच्या हाडात दाब असतो. दाढा आवळल्या की शिट्टी एक पट्टी वर चढते. मान उजवीकडे पूर्ण वळवली की पातळ होते. दिवसभर पाच तास शिकवून जबडा दुखला की त्या रात्री ती दाढेत तार ताणल्यासारखी वाटते. फजरच्या आधी घर अगदी शांत असतं, तेव्हा ती कान सोडून डोक्याच्या मध्यावर येऊन बसते.

हे सगळं मनाचे खेळ असावेत असं मलाही वाटायचं, पण त्याला कारण सापडलेलं आहे. कानाची नस मेंदूच्या देठात जिथे पहिल्यांदा पोचते, त्याच ठाण्यावर जबड्याच्या आणि मानेच्या नसांचेही धागे येतात. अमेरिकेतल्या रॉबर्ट लेव्हाइन या डॉक्टरांनी १९९९ मध्ये हा मुद्दा मांडला. कानाकडून येणारी बातमी कमी झाली की ते ठाणं जबड्याच्या आणि मानेच्या बातमीलाही आवाज समजू लागतं. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या बोटांत कळ येते, त्यातलाच हा प्रकार. त्याहून जुना एक प्रयोग मला फार आवडतो. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या दोघांनी ऐकू चांगलं येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत काही मिनिटं बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. ९४ टक्के लोकांनी काही ना काही लिहिलं. गुणगुण, शिट्टी, सूं सूं. म्हणजे आवाज सगळ्यांच्याच शरीरात आहे. बाकीच्यांचा तो जगाच्या गलक्याखाली झाकलेला असतो, आमचा झाकण फोडून वर आलेला असतो.

आपल्या जुन्या वैद्यांनी याला भास मानलं नव्हतं. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग मोजले आहेत, त्यात शूळ आणि बहिरेपणा यांच्यासोबत नाद हा स्वतंत्र रोग आहे. माधवनिदानात तर प्रकारही पाडले आहेत: भेरी, मृदंग, शंख यांच्यासारखा वाजतो तो कर्णनाद, बासरीसारखा वाजतो तो कर्णक्ष्वेड. माझा बहुधा दुसरा. युनानी हकीम यासाठी दोन शब्द वापरतात, ‘तनीन’ आणि ‘दवी’. तनीन म्हणजे तांब्याच्या भांड्यावर टिचकी मारल्यासारखी झणझण, दवी म्हणजे घुमणारा जड आवाज. इब्न सीनाने ‘अल-कानून’मध्ये यावर वेगळं प्रकरण लिहिलं आणि एक नेमकी तुलना केली: बाहेर काही नसताना डोळ्यांपुढे जशा आकृत्या तरळतात, तसं हे कानाचं. हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने याहून नीट काय सांगायचं?

माझ्या शिट्टीला कुणी जबाबदार नाही. ताप आला, गेला, जाताना ही ठेवून गेला. माझ्या अब्बांच्या कानातल्या आवाजाचं मात्र तसं नाही. त्याला पत्ता आहे.

पिंपरी-चिंचवडचा इतिहास लिहिताना आपण सालं सांगतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. साठच्या दशकात मोठे वाहन कारखाने आले. १९७० मध्ये चार गावांची नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. या मोठ्या कारखान्यांच्या सावलीत भोसरीत शेकडो लहान शेड उभ्या राहिल्या. मोठ्यांना लागणारे कंस, वायसर, झाकणं, पत्र्याचे तुकडे तिथे कापले जायचे. बहात्तरच्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आणि सोलापूरकडून माणसांचे लोंढे आले, त्यात विशीतले अब्बा होते. त्यांना एका शेडमध्ये पॉवर प्रेसवर काम मिळालं आणि पुढची पस्तीसेक वर्षं, दोन-तीन मालक बदलून, ते प्रेसवरच राहिले.

पॉवर प्रेसचा आवाज सलग नसतो. पत्रा सरकवायचा, पॅडल दाबायचं, धाड. परत पत्रा, परत धाड. शेडला वर पत्रा, बाजूला पत्रा, खाली कोबा. आवाज बाहेर जात नाही, फिरून अंगावर येतो. अब्बा सांगतात, पहिल्या महिन्यात तो कानात नाही, छातीत बसायचा. कामगार एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलायचे. चहा, मुकादम, उलटी झाली, पगार झाला, प्रत्येकाची खूण ठरलेली. माझ्या लहानपणी अब्बा घरीही आम्हाला खुणेनेच पाणी मागायचे, आणि आम्हाला वाटायचं सगळ्यांचे बाप असेच असतात. संध्याकाळी ते कानात तेल घालून पडून राहायचे. अम्मी विचारायची, क्या हुआ? त्यावर त्यांचं एक उत्तर ठरलेलं होतं: “मशीन की छुट्टी होती, इसकी नई होती.”

कानात नेमकं काय होतं, तेही सांगते. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी एक नळी असते. त्यात सुमारे १५,००० केसपेशी असतात. प्रत्येक पेशी आपापल्या पट्टीचा आवाज पकडते. मोठ्या आवाजाने त्या आधी थकतात, मग मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. कारखान्याचा आवाज कसाही असला तरी बहुतेकदा आधी मरतात त्या ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या. निवृत्तीनंतर मी अब्बांची तपासणी करून घेतली, तेव्हा आलेखात ४,००० च्या जागी विहीर खणल्यासारखा खड्डा होता. याच उंच पट्टीत ‘स’, ‘श’, ‘फ’ यांचे बारीक आवाज असतात. उर्दूत ‘स’ला तीन अक्षरं आहेत, अब्बांना त्यातलं एकही धड ऐकू येत नाही. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. आणि जिथे खड्डा आहे तिथेच, त्याच पट्टीत, रात्रभर आवाज वाजत असतो.

यात नवीन शोध काही नाही. बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं, त्यात तांबटांच्या कानांबद्दल लिहिलं आहे. व्हेनिसमधले तांबट एकाच वस्तीत राहून दिवसभर तांबं ठोकतात आणि म्हातारपणी ठार बहिरे होतात, असं त्याचं निरीक्षण. हे वाचताना मला पुण्यातल्या कसब्याची तांबट आळी आठवली. तिथेही एकाच वस्तीत पिढ्यान् पिढ्या हातोडी चालली. आपल्याकडे त्या घागरींवर, बंबांवर कौतुकाने लिहिलं जातं, घडवणाऱ्यांच्या कानांवर लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही. पुढे १८८६ मध्ये ग्लासगोच्या टॉमस बार यांनी बॉयलर बनवणाऱ्या १०० कामगारांचे कान तपासले, घड्याळाची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते हे मोजून. शंभरात एकाचेही कान धड नव्हते. तुलनेला त्यांनी टपालवाले घेतले होते, म्हणजे वयाचं कारण पुढे करायची सोय त्यांनी आधीच बंद केली.

आपल्याकडे १९४८ हे मोठं साल. फॅक्टरी कायदा त्याच वर्षीचा, कामगार राज्य विमा कायदाही त्याच वर्षीचा. आवाजाने आलेला बहिरेपणा २०२५ पर्यंत फॅक्टरी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात होता. असा रोगी आढळला तर डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवायचं, असं त्याचं कलम ८९ सांगायचं. विमा कायद्यातही तो भरपाईचा रोग होता. एवढं असून या रोगासाठी पहिली भरपाई मिळायला १९९६ साल उजाडावं लागलं. मधल्या ४८ वर्षांत या पट्ट्यात कामगारांची एक अख्खी पिढी कामाला लागून निवृत्तीला आली होती.

मर्यादाही बघा. आठ तासांच्या पाळीसाठी आपल्याकडे ९० डेसिबल चालतात. अमेरिकेतली कामगार आरोग्याची संशोधन संस्था ८५ च्या वर जाऊ नका म्हणते. पाचाचाच फरक आहे असं वाटेल. पण डेसिबलचा हिशेब आपल्या फूटपट्टीसारखा नाही. दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. ८५ आणि ९० मध्ये तिपटीहून जास्त अंतर आहे.

आणि एवढ्या सगळ्या कायद्यांत शब्द आहे तो बहिरेपणाचा. नादाचा नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दोन्ही कानांत ६० डेसिबलच्या पुढची हानी मानतो, तीही बोलण्याच्या पट्टीत. अब्बांचा खड्डा त्या पट्टीच्या वरच्या टोकाला. बहिरेपणा यंत्राने मोजता येतो, कागदावर त्याची रेघ निघते. नादाची रेघ निघत नाही, तो फक्त माणसाने सांगायचा असतो, आणि कामगाराच्या सांगण्याला आपल्याकडे कागदाची किंमत नाही. हे अशक्य आहे म्हणून होत नाही, असं मात्र मी मानत नाही. अमेरिकेत माजी सैनिकांना ज्या अपंगत्वासाठी भरपाई मिळते, त्यात संख्येने पहिला नंबर टिनिटसचा आहे. तिथेही यंत्र नाही. तोफेजवळ उभा होता का, आणि आता काय ऐकू येतं, हे विचारतात आणि लिहून घेतात. तोफेशेजारच्या माणसाचा शब्द चालतो, मग प्रेसशेजारच्या माणसाचा का चालू नये?

अब्बांच्या शेवटच्या कंपनीत वर्षाला तपासणी व्हायची. वजन, रक्तदाब, डोळे. इअरप्लगचा डबा निरीक्षक यायच्या दिवशी उघडायचा. कानाचं कुणी विचारलं नाही, आणि अब्बांनीही आपण होऊन सांगितलं नाही. कान गेलेला माणूस प्रेसवर धोक्याचा, त्याला काढून टाकतील ही भीती. पगारातून विम्याची वर्गणी मात्र बिनचूक कापली जायची.

एकविसाव्या शतकात पट्टा चाकणकडे सरकला. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, त्याच्या आगेमागे बाकीचे आले, आणि त्यांच्या मागे भोसरीसारख्याच शेड. मोठ्या कारखान्यांत आता रोबो वेल्डिंग करतात. लहान शेडमध्ये पत्रा अजून माणूसच सरकवतो, आणि तो बहुतेक कंत्राटी असतो. आज या शेडमध्ये, सहा महिन्यांनी दुसऱ्या. नाद दहा वर्षांनी कायमचा झाला तर तो कोणत्या शेडमधला, हे सिद्ध करायला त्याच्याकडे काय असणार?

माझे दहावी झालेले काही विद्यार्थी आयटीआय करून तिकडे लागले आहेत. ईदला भेटायला येतात. त्यातला एकजण म्हणाला, “टीचर, सेकंड शिफ्ट करके आया की कान में सीटी बजती, सुबह तक जाती.” सकाळपर्यंत जाते, म्हणून त्याला ती किरकोळ वाटते. पण थकलेल्या पेशींची हीच पहिली तक्रार असते. रोज थकवल्या तर एक दिवस सकाळ झाली तरी शिट्टी जात नाही. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. फोमचा प्लग बोटांनी वळून, बारीक करून आत घालायचा आणि तो फुगेपर्यंत धरून ठेवायचा. नुसता टेकवला तर उपयोग नाही. आणि शिट्टी वाजेल त्या प्रत्येक दिवसाची नोंद ठेवायची: तारीख, शेडचं नाव, मशीन, कोणता कान, किती वाजेपर्यंत. अधूनमधून ती छापून घेऊन डॉक्टरकडे जायचं आणि केसपेपरवर ते लिहून मागायचं. आधी तो हसला. गेल्या आठवड्यात त्याने मला मोबाईलवरचं पहिलं पान पाठवलं. अकरा ओळी आहेत. नऊ ठिकाणी डावा कान.