गग्ग भिक्खू आणि अमूळ्हविनय

मनोविकारातून माणूस बरा झाला असे केव्हा म्हणावे, याविषयी वैद्यकाचे मत शंभर वर्षांत पुष्कळ पालटले आहे. पुढे ज्याला स्किझोफ्रेनिया म्हटले गेले, त्या आजाराची ओळखच मुळी जर्मन तज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये बुद्धीच्या ऱ्हासावरून ठरविली. अमेरिकेतील व्हर्माँट राज्याच्या रुग्णालयात वर्षानुवर्षे पडून असलेल्या २६९ रुग्णांना १९५५ नंतर पुनर्वसनाचा आधार देऊन समाजात पाठविण्यात आले. कोर्टनी हार्डिंग व सहकाऱ्यांनी तीन दशकांनंतर त्यांचा शोध घेतला. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार निम्मे ते दोन-तृतीयांश लोक बरे झालेले वा लक्षणीय सुधारलेले होते. १९९३ मध्ये विल्यम अँथनी यांनी तर लक्षणे उरली असतानाही समाधानाचे, आशेचे व इतरांच्या उपयोगाचे जीवन जगता येणे, यासच बरे होणे म्हटले.

आम्ही वैद्यक नव्हे. तथापि हे वाचताना आम्हांस चुल्लवग्गातील गग्ग भिक्खूचे स्मरण झाले.

गग्ग उन्मत्त झाला होता. उपोसथाची आठवण त्याला कधी राही, कधी राहत नसे. तो आला वा न आला तरी संघाने उपोसथ करावा, अशी व्यवस्था तथागतांनी लावून दिल्याचे महावग्गात आहे. उन्मादात त्याच्या हातून श्रमणास न शोभणारे पुष्कळ वर्तन घडले. पुढे तो भानावर आला. पण भिक्खू त्याला सोडीनात. अमुक दोष केलास, तो आठवतो का, असे पुन्हा पुन्हा विचारीत. आपण वेडे होतो, काही आठवत नाही, असे तो सांगे. तरी बोल लावणे थांबेना. (आमच्या घरांतून, सोयरिकीच्या बोलण्यांतून आजही हेच चालते!) तेव्हा तथागतांनी अमूळ्हविनयाची अनुज्ञा दिली. अमूळ्ह म्हणजे ज्याची मूढता गेली आहे असा.

यास मानसोपचार म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; गग्ग कशाने बरा झाला, हे ग्रंथ सांगतच नाही. ग्रंथाचे लक्ष आहे ते त्यानंतर संघाने कसे वागावे याकडे. गग्गाने स्वतः तीनदा याचना करावयाची आणि संघाने ज्ञप्ती व तीन घोषणांसह ती मान्य करावयाची. वेडाचे सोंग घेणाऱ्यास, अथवा आठवत असून नाकारणाऱ्यास, हा विनय देणे अधर्म ठरविले आहे. आणि एकदा रीतसर मिटलेला वाद तो मिटविणाऱ्यांपैकी कोणी पुन्हा उकरून काढला, तर पाचित्तिय दोष त्या उकरणाऱ्यास लागतो.