पहाटेच्या धुनेमागचा माणूस



माझ्या आजीकडे पहाटे चूल पेटायची तेव्हाच रेडिओही लागायचा. आकाशवाणीचे कार्यक्रम सुरू होण्याआधी एक धून वाजायची. मागे तंबोरा, त्यावर व्हायोलिन. शब्द एकही नाही. पण ती ऐकली की आजी म्हणायची, "उठा गं, उजाडलं!" तुमच्यापैकी अनेकींना ती धून आता आठवली असेल.

त्या धुनेचं श्रेय ज्यांना दिलं जातं, ते होते वॉल्टर कॉफमन. त्यांचा जन्म १९०७ साली कार्ल्सबाद गावचा. गरम पाण्याच्या झऱ्यांचं हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याचं नाव कार्लोवी व्हारी आहे. कॉफमन बर्लिन आणि प्रागमध्ये संगीत शिकले. ते ज्यू होते. १९३३ मध्ये जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि ज्यू लोकांना तिथे जगणं अवघड झालं. १९३४ मध्ये कॉफमन मुंबईत आले. इथेच का, तर इथला व्हिसा सहज मिळत होता, इतकं साधं कारण!

त्यांनी आपलं संगीत ऐकलं आणि त्यांना काहीच कळेना. त्यांच्या कानांना ते अगदी परकं वाटलं. असं झालं की आपण काय म्हणतो? "कसलं हे गाणं!" त्यांनी उलटा विचार केला. लाखो माणसं हे संगीत मनापासून ऐकतात, तर ते वाईट कसं असेल? कमी माझ्यातच आहे, मीच शिकायला हवं. आणि ते खरंच शिकायला बसले.

आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' सुरू केली. त्यात व्हायोलिन वाजवायला मेहली मेहता होते, म्हणजे जगप्रसिद्ध संगीतकार झुबिन मेहतांचे वडील. १९३७ ते १९४६ अशी नऊ वर्षं कॉफमन यांनी मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. आपल्या पुराणातल्या अनसूयेच्या नावाची संगीतिकाही त्यांनी रेडिओसाठी रचली.

मला सगळ्यात मोठं वाटतं ते त्यांचं आणखी एक काम. त्यांनी गोंड आणि बैगा आदिवासींची गाणी ऐकून त्यांवर अभ्यासाचा लेख लिहिला. तो १९४१ मध्ये छापून आला. ज्या गाण्यांना कुणी मोजत नव्हतं, ती त्यांनी मोलाची मानली. १९४६ साली ते भारतातून गेले. पुढे कॅनडातल्या विनिपेगमध्ये त्यांनी वाद्यवृंद चालवला आणि नंतर अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवलं. पण आपले राग त्यांनी सोडले नाहीत. उत्तर भारताच्या रागांवर १९६८ मध्ये आणि दक्षिणेच्या रागांवर १९७६ मध्ये त्यांची जाडजूड पुस्तकं निघाली. १९८४ साली ते गेले.

आता माझी एक चूक सांगते. आमच्या गटाच्या एका बैठकीत हिशेब संपल्यावर एका काकूंनी लग्नातला धवला म्हणायला घेतला. आपल्या आगरी लग्नांत धवलारीण गाते तो. चाल संथ, शब्द जुने. आम्ही तरुण पोरी हसलो. मीही हसले. काकू मधेच थांबल्या. त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी म्हटलं नाही.

कॉफमनबद्दल वाचलं तेव्हा मला काकूंचा तो चेहरा आठवला. हजारो मैलांवरून आलेला माणूस म्हणाला, कमी माझ्यात आहे. मी मात्र माझ्याच गावचं गाणं ऐकून हसले. दुसऱ्या दिवशी काकूंच्या घरी जाऊन माफी मागितली. आधी त्या काही बोलल्या नाहीत. मग चहा ठेवला आणि चहा उकळेपर्यंत तोच धवला म्हणाल्या. मी तो फोनवर रेकॉर्ड करून घेतला.

मैत्रिणींनो, आता गावागावांत धवलारणी मोजक्याच उरल्यात. लग्नात डीजे लागतो आणि त्या कोपऱ्यात बसून राहतात. पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की दहा मिनिटं राखून ठेवा. गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईला एक गाणं म्हणायला सांगा. कळलं नाही तर विचारा. फोन सगळ्यांकडे आहेच, तो चालू ठेवा. वहीत गाणं लिहा आणि खाली त्या बाईचं नावही लिहा.