वाडा गेला, दफ्तर राहिले

घराण्यांचा इतिहास लिहिताना आपल्याकडे बहुधा पुरुषांच्या पराक्रमापासून आरंभ होतो. ते ज्या वास्तूत राहिले, जिच्या देवघरात त्यांच्या घरच्या स्त्रियांनी दिवे लावले आणि जिच्या चौकात कारकून, शागीर्द व हुजरे वावरले, त्या वास्तूकडे इतिहासकाराचे लक्ष उशिरा जाते. तोवर वास्तू पुष्कळदा नाहीशी झालेली असते. नाहीशा झालेल्या घराचा इतिहास कशाच्या आधारे लिहावयाचा, हा प्रश्न ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने विचारण्याजोगा आहे. कारण त्याचे उत्तर अखेर ग्रंथालयापाशीच येऊन थांबते. याचे मराठीतील सर्वांत ठळक उदाहरण पुण्याचा शनिवारवाडा हे होय.

थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी या वाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत केली. दोन्ही दिवस शनिवारचे. मूळ बांधकामास १६,११० रुपये लागले, असे सांगितले जाते. पुढच्या पेशव्यांनी त्यात चौक, दिवाणखाने, महाल, कारंजी यांची भर घातली. तटाला पाच दरवाजे होते. त्यांतील उत्तराभिमुख दिल्ली दरवाजा सर्वांच्या परिचयाचा आहे. मस्तानीच्या नावाचाही एक दरवाजा होता. नानासाहेबांच्या कारकिर्दीत गणेश रंगमहाल उभा राहिला. सवाई माधवरावांच्या काळातील हजारी कारंजे सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे होते.

वाड्यात राहिलेल्यांची कथा मात्र वास्तूइतकी वैभवशाली नाही. थोरले बाजीराव १७४० मध्ये नर्मदातीरी रावेरखेडी येथे वारले. उदगीरच्या विजयाची वार्ता १७६० मध्ये याच वाड्यात आली आणि पुढच्याच वर्षी पानिपतचे दुःखही याच वाड्याने सोसले. त्या दुःखात नानासाहेबांनी पर्वतीवर देह ठेवला. थोरले माधवराव १७७२ मध्ये थेऊरला गेले. दुसऱ्या बाजीरावांचा अंत १८५१ मध्ये दूर ब्रह्मावर्तास झाला. प्रत्यक्ष या वाड्यात ज्यांचा शेवट झाला असे पेशवे दोनच, आणि दोघेही ऐन तारुण्यात गेले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणरावांचा वध केला. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. सवाई माधवराव २५ ऑक्टोबर १७९५ रोजी वरच्या मजल्यावरून खाली पडले आणि दोन दिवसांनी वारले. ते एकवीस वर्षांचे होते.

नारायणरावांच्या वधाची आठवण निघाली की ‘काका, मला वाचवा’ ही आर्त हाक सर्वांना आठवते. परंतु त्या दिवशी एकटे नारायणरावच मेले नाहीत. धन्यावर स्वतःचे अंग घालणारा चाफाजी टिळेकर तेथेच पडला. वाड्यातील इतर काही माणसेही कापली गेली. लोककथेने धन्याची हाक तेवढी जपली. चाकराचे नाव आपल्याला कळते ते लिहून ठेवलेल्या कागदांमुळे. वाड्याचे रहिवासी म्हणजे केवळ त्याचे मालक नव्हेत, हे भान कथेपेक्षा कागदच अधिक देतो.

१७ नोव्हेंबर १८१७ रोजी वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. फेब्रुवारी १८२८ मध्ये वाड्याला आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. सागवानी खांब, कोरीव तक्तपोशी, रंगविलेल्या भिंती, सारे भस्म झाले. तट, बुरूज, दरवाजे आणि दगडी जोती एवढेच उरले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाअखेरीस आतला भराव उपसण्याचे काम सुरू झाले, तेव्हा ही जोती पुन्हा उजेडात आली. आज पाहणाऱ्याला दिसतो तो या घराचा केवळ पाया होय.

असे असूनही या घराविषयी आपण इतके जाणतो, ते कशाच्या बळावर? पहिले साधन म्हणजे चित्र. १७९० मध्ये सवाई माधवरावांच्या दरबारात इंग्रज वकील सर चार्ल्स मॅलेट याने टिपूविरुद्धचा तह केला. जेम्स वेल्स या चित्रकाराच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने त्या प्रसंगाचे मोठे चित्र १८०५ मध्ये पुरे केले. जळालेल्या दरबाराचे रूप आज लंडनच्या टेट संग्रहालयातील त्या चित्रात पाहावे लागते.

दुसरे आणि अधिक मोलाचे साधन म्हणजे दफ्तर. राज्य बुडाले तरी पेशव्यांचे कागद इंग्रजांनी जपले. त्यामागे इतिहासप्रेम नव्हते. इनामांचे हक्क आणि जमिनीचा सारा ठरविण्यासाठी त्यांना ते कागद हवे होते. हेतू महसुलाचा होता, पण त्याचा लाभ इतिहासाला झाला. रुमालांत बांधलेल्या त्या मोडी कागदांतून गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशीतील उतारे निवडले आणि न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये त्या रोजनिशीवर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. पुढे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग सिद्ध केले. सरकारी दफ्तराबाहेरचे कागद मिळविण्यासाठी इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, घरोघरीच्या माळ्यांवर चढले आणि १८९८ पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडांनी प्रसिद्ध केली. अशा रीतीने अग्नीने नेलेले घर कागदाने पुष्कळसे परत दिले.

याच्या उलट घडले तर काय होते, हे पाहण्यासाठी थोडे दूर जावे लागेल. सुरपूरच्या अल्पवयीन राजाच्या काळात तेथील कारभार पाहणारे मेडोज टेलर आपल्या भागात अपरिचित नाहीत. ते उत्तरायुष्यात आयर्लंडमध्ये डब्लिननजीक राहिले. त्यांच्या मागे अर्धशतकही उलटले नाही तोच त्या देशातील जमीनदारांच्या गढीवजा घरांवर संकट कोसळले. स्वातंत्र्ययुद्धाच्या आणि नंतरच्या यादवीच्या काळात, १९२० ते १९२३ च्या दरम्यान, अशी शेकडो घरे जाळली गेली. कादंबरीकार जॉर्ज मूर यांच्या घराण्याचे मूर हॉल १ फेब्रुवारी १९२३ रोजी पेटले. ज्यांची शेते पिढ्यान्पिढ्या खंडाखाली गेली त्यांच्या मनात त्या घरांविषयी ममता कोठून असणार? तो राग समजण्याजोगा आहे. पण ३० जून १९२२ रोजी डब्लिनचे सरकारी दफ्तरखाने जळाले, तेव्हा धन्यांच्या कागदांबरोबर गरीब कुळांच्या कित्येक पिढ्यांची नोंदही राख झाली. दफ्तर जळाले की अन्यायाचा पुरावाही जळतो, हा या घटनेचा धडा आहे.

त्याच आयर्लंडमधील लेडी ग्रेगरी यांचे कूल पार्क हे घर १९४१ मध्ये पाडून टाकले गेले; तरी त्यांच्या रोजनिश्या आणि पत्रे राहिल्याने ते घर आजही वाचकांच्या परिचयाचे आहे. जळालेल्या दफ्तराच्या बाबतीत, अन्यत्र ग्रंथालयांत व संग्रहांत पडून राहिलेल्या नकला जमवून त्याची संगणकीय पुनर्रचना करण्याचा उद्योग झाला आणि १९२२ च्या आगीला शंभर वर्षे झाली तेव्हा, २०२२ मध्ये, ती सर्वांसाठी खुली झाली. मूळ गेले तेथे दूरच्या कपाटातली नक्कल कामास आली.

आता आपल्या अंगणाकडे वळू. खजुरी, आळंद, बसवकल्याण, उमरगा या पट्ट्यातील देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांचे वाडे शनिवारवाड्याएवढे थोर नव्हते. पण त्यांची गत तीच झाली. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर जहागिऱ्या गेल्या, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने मुलुखाची वाटणी झाली, भाऊबंदकीत चौक विभागले गेले आणि पुढची पिढी शहरांत गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात शेजारच्या भागातील दगडामातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. जेथे माणसेच गेली, तेथे कागदांची कथा काय! जे वाडे राहिले त्यांच्या तुळया विकल्या जात आहेत आणि माळ्यावरचे रुमाल वाळवीच्या स्वाधीन होत आहेत.

या कागदांत मोडी आहे, फारसी आहे, उर्दू आहे, कन्नडही आहे. सीमाभागाची चार भाषांची घडण त्यांतून दिसते. त्यांत वाड्याच्या धन्याची वतने आहेत, तशीच बलुतेदारांची बलुती, वेठबिगार, दुष्काळातली सूट आणि विहिरीचे तंटेही आहेत. ज्यांच्या पूर्वजांना वाड्याच्या सदरेवर पाऊल टाकता येत नव्हते, त्यांचीही नावे याच कागदांत सापडण्याचा संभव आहे. म्हणून हे कागद एका घराण्याची मिरास नव्हेत. ते साऱ्या गावाचे आहेत.

कागद बाहेर दिले तर जमिनीचे जुने वाद उकरले जातील, ही भीती अनेक घरांत आहे आणि ती निराधार म्हणता येत नाही. त्यावर मार्ग आहे. मूळ कागद घराण्याकडेच राहोत. ग्रंथालयाने त्यांची छायाचित्रे घ्यावीत, रुमालवार यादी करावी आणि काय केव्हा खुले करावयाचे ते घराण्याच्या संमतीने ठरवावे. रुमाल सोडून कागदांचा क्रम मोडू नये, फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ साधेल. आणि गावातील दोन-चार तरुणांनी मोडी शिकावी. अक्षर वाचणारा उरला नाही तर जपलेला कागदही मुकाच राहील.

शंभर वर्षे या ग्रंथालयाने छापील ग्रंथ जपले. दुसऱ्या शतकात त्याने न छापलेल्या कागदांसाठी एक कपाट राखून ठेवावे, अशी सभासदांना आणि आश्रयदात्यांना विनंती आहे. पडके वाडे पुन्हा उभे करणे आपल्या हाती नाही. त्यांत कोण राहिले आणि कोणाच्या श्रमावर ते उभे राहिले, हे पुढच्या पिढीला सांगणे मात्र अद्याप आपल्या हाती आहे.