एका हाताची वहिवाट

लखनौच्या अमीनाबाद पेठेचा इतिहास दप्तरांतून शोधू गेल्यास तो एका वजिराच्या नावापाशी येऊन ठेपतो. अवधचा चौथा बादशहा अमजद अली शाह (1842 ते 1847) याच्या पदरी इमदाद हुसेन खान नावाचा वजीर होता, त्यास अमीनुद्दौला हा किताब होता, आणि धन्याने हजरतगंज वसविले त्याच काळात या वजिराने आपले नाव ह्या बाजारास दिले. पुढे नऊच वर्षांत, 1856 साली, कंपनी सरकारने अवधचे राज्य खालसा केले, तेव्हाचा बादशहा वाजिद अली शाह याची रवानगी कलकत्त्यास झाली, दरबार बरखास्त झाला. पेठ मात्र आपल्या जागी राहिली. आज अमीनाबादेचे नाव काढताच परगावच्या माणसाच्या तोंडी जे नाव येते ते या वजिराचे नसून एका हाताने अधू असलेल्या स्वयंपाक्याचे असते.

हाजी मुराद अली हे त्यांचे नाव. त्यांचे पुत्र हाजी रईस अहमद यांनी जो कौटुंबिक वृत्तान्त वेळोवेळी सांगितला, त्याप्रमाणे घराण्यातील वडीलधारे भोपाळच्या नवाबांकडे मुदपाकखान्यात चाकरीस होते, तेथून ते लखनौस आले, आणि 1905 साली शहराच्या चौक नावाच्या जुन्या भागात, अकबरी दरवाजाजवळ, कबाबांचे लहानसे दुकान निघाले. मुराद अलींस पतंगाचा विलक्षण शौक होता. ज्या शहरात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सारी गच्ची-माडी पतंगांसाठी लोटते, तेथे ह्यात नवल ते काय. परंतु एकदा पतंग उडविताना ते पडले, हात मोडला आणि पुढे तो कापावा लागला. त्यानंतर ते वडिलांच्या शेजारी दुकानावर बसू लागले, आणि गिऱ्हाइके त्या दुकानास ‘टुंडे’ म्हणजे थोट्याचे दुकान म्हणू लागली. नाव ठेवले ते बाजाराने. कुटुंबाने ते स्वीकारले आणि पाटीवर लिहिले.

या नावाभोवती पुढे दंतकथांचे रान माजले. कोणी सांगतो की दात गळालेल्या नवाब आसफुद्दौल्यासाठी, चावावे न लागणाऱ्या कबाबांची पैज लागली असता, ह्या एकहाती उस्तादाने ती जिंकली. कोणी तोच मान वाजिद अली शाहास देतो. परंतु आसफुद्दौला 1797 साली निवर्तला आणि वाजिद अली शाह 1887 साली कलकत्त्याच्या मटियाबुर्जात मरण पावला, हे ध्यानी घेतले म्हणजे 1905 सालच्या दुकानाशी त्यांची गाठ पडणे अशक्य आहे. मला ह्या दंतकथेचे दुःख वाटते ते तिच्या असत्यतेमुळे नव्हे. नवाबाच्या पदरी बांधल्याखेरीज एका अपंग कारागिराचे मोठेपण लोकांस पटत नाही, ह्यामुळे वाटते. खरी हकीकत अधिक मोलाची आहे. अब्दुल हलीम शरर यांनी जुन्या लखनौवरील आपल्या ग्रंथात मोठ्या देगा चढविणारे बावर्ची आणि थोड्या पदार्थांची नजाकत सांभाळणारे रकाबदार यांचा भेद वर्णिला आहे. दरबार गेल्यावर ह्या मंडळींचे आश्रयदाते सरले, रोजमुरा बंद झाला, आणि राजवाड्यातील पाकविद्या हळूहळू बाजारात उतरली. मुराद अली ह्या उतरलेल्या विद्येचे वारस होते. त्यांचे गिऱ्हाईक हातावर पोट असलेला सामान्य माणूस होता, आणि म्हणूनच चौकातील कबाब स्वस्त अशा म्हशीच्या मांसाचा राहिला.

त्या कबाबाची घडणही पाहण्यासारखी आहे. मांस अत्यंत बारीक वाटावयाचे, कच्च्या पपईने ते मुरवून गलवावयाचे, त्यात मसाला मिसळावयाचा. तयार झालेला गोळा इतका मऊ असतो की तो सळईवर टिकत नाही. म्हणून तो तळहातावर थापून थेट पसरट तव्यावर सोडतात आणि तेथे सावकाश परततात. मसाल्याचे पदार्थ 160 असल्याची ख्याती आहे. ते मिश्रण घराबाहेर गेलेले नाही. ह्या क्रियेत बळापेक्षा बोटांच्या संवेदनेचे काम अधिक, आणि माझे अनुमान असे की एकाच हातावर ज्याची सारी उपजीविका आली त्याच्या बोटांस ही संवेदना इतरांहून तीव्रतेने अवगत झाली असावी.

सरकारी दप्तराने अशा माणसाची दखल घेतली नाही. 1881 पासून 1931 पर्यंतच्या खानेसुमाऱ्यांत व्यंगाचा रकाना होता खरा, पण त्यात आंधळे, मुके-बहिरे, वेडे आणि कुष्ठरोगी एवढ्यांचीच नोंद होई. हातापायाने अधू असलेला मनुष्य त्या हिशेबात बसत नसे. बाजाराची स्मृतीही अपुरीच. बनारसच्या लंगडा आंब्याचे उदाहरण घ्या: एका लंगड्या माणसाने लावलेल्या झाडावरून त्यास हे नाव पडले अशी आख्यायिका आहे, तो आंबा आपल्या मराठी घरांतूनही आवडीने खाल्ला जातो, पण त्या माणसाचे नाव आपण कोणीही घेत नाही. त्याचे व्यंग तेवढे उरले, तो नाहीसा झाला. मुराद अलींच्या बाबतीत असे घडले नाही, कारण त्यांच्या मागे सांगणारे घर होते. पुत्राने चौकातील गादी चालविली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुढच्या पिढीने अमीनाबादेत, नाझ सिनेमाच्या वाटेवर, दुसरे दुकान थाटले, तेथे बोकडाच्या मांसाचे कबाबही होऊ लागले, आणि पेठेची कीर्ती तेथपासून दूरवर गेली. वडिलांचा हात कसा गेला, हे रईस अहमद विचारणाऱ्यास सांगत असत. लाजेने लपवीत नसत आणि दयेसाठी रंगवीतही नसत. आप्तांनी अपंग माणसाचे स्मरण करण्याची याहून प्रामाणिक रीत मला ठाऊक नाही.

अमीनाबादेस जाणाऱ्या मराठी वाचकास एवढीच विनंती आहे की त्याने तेथून चौकातील त्या जुन्या दुकानावरही जावे, आणि घरी परतल्यावर कबाबाची गोष्ट सांगताना नवाबाऐवजी हाजी मुराद अली यांचे नाव घ्यावे.