गांधीहत्या खटल्यातील शस्त्रे
महात्मा गांधींच्या हत्येच्या (३० जानेवारी १९४८) खटल्यात पुढे आलेला शस्त्रविषयक पुरावा. लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयात न्यायाधीश आत्माचरण यांच्यापुढे हा खटला चालला व १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल लागला. नादुरुस्त रिव्हॉल्व्हर आणि ठाण्यात झालेली एक भेट यांमुळे हा पुरावा लक्षणीय ठरतो.

रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांचे नळकांडे फिरते असते. चाप ओढला की त्याच ओढीने नळकांडे एक घर पुढे सरकते, घोडा मागे जातो आणि मग सुटतो. एवढे काम एकट्या चापावर पडत असल्याने तो मुळातच जड असतो. गंज, वाळलेले तेल किंवा झिजलेला दाता यांपैकी काहीही तो अडखळण्यास पुरे होते. स्वयंचलित पिस्तुलात हे काम उडालेल्या गोळीच्या प्रतिक्षेपावर चालते. घोडा चढलेला राहतो. चापाने तो केवळ सोडायचा असतो.

माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याचे पुण्यात शस्त्रांचे दुकान होते. त्याच्या साक्षीनुसार, २० जानेवारीला सकाळी दिल्लीतील हिंदू महासभा भवनामागील जंगलात दोन रिव्हॉल्व्हरांची चाचणी घेण्यात आली. गोपाळ गोडसेच्या रिव्हॉल्व्हरचे नळकांडे नीट चालेना; दुसऱ्याची गोळी लक्ष्य केलेल्या झाडापर्यंत पोहोचली नाही. खडकीच्या लष्करी मोटार-भांडारात नोकरीस असलेल्या गोपाळने दुरुस्ती अंगावर घेतली. त्यासाठी तेलाची बाटली आणि चाकू मागविण्यात आला. पुढे मरीना हॉटेलातील खोलीतही हे काम चालू होते. विनापरवाना शस्त्र जाणत्या कारागिराकडे नेणे अर्थातच शक्य नव्हते.

त्या संध्याकाळचा कट फसला, तो मात्र केवळ या दोषामुळे नव्हे. मदनलाल पाहवाने स्फोट घडविला, पण बडगे ठरलेल्या खोलीत शिरलाच नाही व बाकीचे पांगले. मदनलाल जागीच पकडला गेला. त्याच्या जबानीत पुण्यातील एका वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख असूनही पुढील दहा दिवसांत इतरांपर्यंत कोणी पोहोचले नाही. या दिरंगाईची चौकशी पुढे कपूर आयोगाने केली (अहवाल १९६९).

पळून आलेल्यांपैकी विष्णू करकरे ठाण्यात परिचिताकडे उतरला होता. २५ जानेवारीला नथुराम गोडसे, नारायण आपटे, करकरे व गोपाळ हे तेथे एकत्र आले. अनेकांनी मिळून हल्ला करण्याची कल्पना मागे पडून एकट्या नथुरामने तो करावा, हे या सुमारास ठरले. एकाच माणसाला विश्वासाचे एकच शस्त्र हवे होते. मुंबईत ते मिळेना. २७ तारखेस नथुराम व आपटे विमानाने दिल्लीस आणि तेथून आगगाडीने ग्वाल्हेरला गेले.

हत्येत वापरलेले ६०६८२४ क्रमांकाचे इटालियन बेरेटा पिस्तूल ग्वाल्हेरला डॉ. दत्तात्रय परचुरे यांच्या मदतीने मिळविले, असे सरकार पक्षाचे म्हणणे होते. नथुरामने ते नाकारून आपण ते दिल्लीत विकत घेतल्याचे सांगितले. विशेष न्यायालयाने सरकार पक्षाची बाजू मान्य केली. परंतु सिमला येथे पंजाब उच्च न्यायालयाने जून १९४९ मध्ये परचुरे यांना दोषमुक्त केले.