शेतकऱ्यांचा 'र' कुठं हरवला?

मागच्या महिन्यात ओळखीतल्या एकाची मुलगी घरी आली. पुण्याला शिकते, २००६ च्या विदर्भ पॅकेजवर प्रबंध लिहितेय. त्या वर्षी जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले होते आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं होतं. "काका, त्या वेळच्या तुमच्या बातम्या मिळतील का?" मी म्हटलं, सगळ्या आहेत. जुन्या सीडीवरून काढून, युनिकोडमध्ये बदलून, वर्षाची एक फाईल करून ठेवल्या होत्या. थोडी ऐटच होती त्याची.

तिनं २००६ ची फाईल उघडली आणि शोधपेटीत "शेतकऱ्यांच्या" असं टाईप केलं. मोजून चार-पाच ठिकाणी सापडलं. ती सहज म्हणाली, "त्या वर्षी यवतमाळात शेतकऱ्यांवर एवढंच लिहिलं गेलं?"

मी गप्प. ज्या वर्षी दुसरं काही लिहायला सुचत नव्हतं, त्या वर्षाबद्दल ही पोर असं विचारत होती. आणि संगणक तिच्या बाजूनं साक्ष देत होता.

भानगड निघाली एका अक्षराची. 'शेतकऱ्यांच्या' मधला तो आडवा, मिशीसारखा र. हा आपल्या मराठीचा खास र. आचारी आणि आचार्य यांच्यातला फरक तोच सांभाळतो: आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक्यांना, आचार्यांना म्हणजे गुरुजींना. दऱ्या डोंगरात, दर्या कोकणात. हिंदीला रोजच्या लिखाणात हा र लागत नाही, म्हणून संगणकाच्या जगात तो कायम मागच्या बाकावर बसला. आणि आमच्या धंद्यात तर शेतकरी, व्यापारी, कर्मचारी, अधिकारी या सगळ्यांना तोच लागतो!

थोडा इतिहास सांगतो. १९९० च्या दशकात छापखान्यात डीटीपी आलं तेव्हा मराठी अक्षरं ही खरं तर इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली चित्रं होती. संगणकाला वाटायचं इंग्रजी आहे, फॉन्ट त्याला मराठी कपडे घालायचा. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. फाईल दुसऱ्या संगणकावर नेली आणि तिथं तो फॉन्ट नसला, की पानभर इंग्रजी कचरा. आमच्या पिढीच्या पत्रकारांनी फाईलसोबत फॉन्टची फ्लॉपी खिशात घेऊन एसटीनं प्रवास केलाय.

त्यावरचं उत्तर म्हणजे युनिकोड: जगातल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. पण आपल्या मिशीवाल्या र ची गाडी अडखळली. आधी तो लिहायची पद्धत होती: साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह. पुढं नुक्त्याचा ऱ आणि हलन्त अशी पद्धत आली. जुन्या फाईली बिघडू नयेत म्हणून जुनी पद्धतही मान्य राहिली. परिणाम असा की "शेतकऱ्यांच्या" आणि "शेतकर्‍यांच्या" हे दोन शब्द डोळ्यांना सारखेच दिसतात, पण आतून वेगळे आहेत. त्यात जुन्या फॉन्टमधून बदल करणाऱ्या एखाद्या कच्च्या प्रोग्रामनं जोडचिन्ह गाळलं, की तिसरा अवतार: "शेतकर्यांच्या". माझ्या फाईलीत तिन्ही होते. त्या मुलीनं एकच शोधला.

मग ही गाठ सोडवली कुणी? सरकारनं की मोठ्या कंपन्यांनी? थोडी दोघांनीही. पण जिथं सॉफ्टवेअरची आतली मांडणी खुली होती, तिथं बाहेरच्या माणसालाही हात घालता आला. २००० च्या सुमारास इंडलिनक्ससारख्या गटांनी भारतीय भाषा लिनक्सवर आणायला घेतल्या. २००४ मध्ये रेड हॅटनं लोहित फॉन्ट खुले केले. लोहित म्हणजे लाल. कुणीही वापरावेत, दुरुस्त करावेत, वाटावेत. अक्षरं जोडून दाखवणारा हार्फबझ हा प्रोग्रामही खुलाच. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड सगळे तोच वापरतात. लिब्रेऑफिसनं २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून सगळीकडे तोच घेतला, म्हणून विंडोजवर एक आणि लिनक्सवर दुसरंच, हा त्रास कमी झाला.

अशा सॉफ्टवेअरमध्ये चूक सुधारते ती कुणीतरी नीट सांगितल्यामुळं. "मराठी बरोबर दिसत नाही" असं म्हटलं तर कुणालाच काही कळत नाही. "अमुक आवृत्ती, अमुक फॉन्ट, मी ही अक्षरं या क्रमानं टाईप केली, हे दिसायला हवं होतं, हे दिसलं" असं लिहिलं, की जर्मनीतल्या किंवा पुण्यातल्या माणसाला मराठी येत नसली तरी चूक पकडता येते. ही आमच्या बातमीसारखीच गोष्ट आहे: कोण, कुठं, कधी, काय.

मलाही उत्तर असंच सापडलं. कुणा अनोळखी माणसानं कधीतरी लिहून ठेवलेल्या चार ओळींत. त्या इंग्रजीत होत्या. म्हणून इथं मराठीत लिहून ठेवतो.

एक: आधी फाईलीची प्रत काढा. मूळ फाईलला हात लावू नका.

दोन: लिब्रेऑफिसमध्ये कंट्रोल आणि एच दाबा. शोधा-बदला ची पेटी उघडते. वरच्या रकान्यात फाईलीतलाच जुना "र्‍य" कॉपी करून टाका, खालच्या रकान्यात "ऱ्य". एका परिच्छेदावर करून पाहा, मगच सगळीकडे. "र्‍ह" साठीही तसंच, नाहीतर तऱ्हा राहून जाईल.

तीन: जोडचिन्ह गळालेल्या शब्दांना मात्र सरसकट बदल लावू नका. सगळे "र्य" बदलले तर सूर्य, कार्य, आचार्य बिघडतील. तिथं शब्दच धरायचा: "शेतकर्य" चं "शेतकऱ्य", "कर्मचार्य" चं "कर्मचाऱ्य", "अधिकार्य" चं "अधिकाऱ्य".

एवढं केलं आणि पुन्हा शोधलं. पानंच्या पानं पिवळी झाली. पोरगी बराच वेळ वाचत बसली. मग म्हणाली, "काका, हे सगळं होतंच की इथं."

होतंच. फक्त सापडत नव्हतं.

आपल्या जिल्ह्यात कित्येक छापखान्यांत, साप्ताहिकांच्या कपाटांत, ग्रामपंचायतींच्या जुन्या संगणकांत अशा फाईली पडून असतील. डीटीपी करणारी माणसं आता साठीला आली. कुठला फॉन्ट, कुठला प्रोग्राम, हे त्यांच्याच डोक्यात आहे. त्यांना विचारून घ्या, तोवर सीडी भंगारात टाकू नका. आणि तुम्हाला एखादी युक्ती सापडली, तर ती वहीत असो की फोनवर, मराठीत लिहून ठेवा. तुमच्यापुरती सुटलेली अडचण लिहिली नाही, तर पुढच्याला ती नव्यानं सोडवावी लागते. आणि तोवर कुणीतरी विचारून जातं, त्या वर्षी एवढंच लिहिलं गेलं का?