जड टोपण (ट्रम्पेट)

ट्रम्पेटच्या तिन्ही व्हॉल्व्हच्या तळाशी आट्यांची छोटी टोपणे असतात. त्यांच्याऐवजी बसवल्या जाणाऱ्या अधिक वजनाच्या, बहुधा पितळी टोपणांना 'जड टोपणे' म्हणतात. काही वादक असे टोपण केवळ तिसऱ्या व्हॉल्व्हला लावतात. त्याने स्वर नेमका लागतो व नाद गडद होतो, असे ते सांगतात. वाद्य मंद झाल्याची तक्रारही आढळते. ट्रम्पेटचा ध्वनी मुख्यतः नळीतील वायुस्तंभाच्या कंपनातून उत्पन्न होतो; धातूच्या भिंतींच्या कंपनाचा वाटा अल्प असतो. त्यामुळे हा फरक श्रोत्यांपेक्षा वादकाच्या ओठांना व हातांना अधिक जाणवत असावा. कोणते टोपण लावले आहे हे ठाऊक नसताना वाजवून पाहणे, हीच त्याची खरी कसोटी होय. माउथपीस बदलल्याने पडणारा फरक याहून कितीतरी मोठा असतो. सर्व उत्पादकांच्या टोपणांचे आटे सारखे नसतात. न जुळणारे टोपण बळाने फिरवल्यास व्हॉल्व्हचे आटे खराब होतात.